पॉलिफॉस्फोरिक ॲसिडात पॉलिइथर-किटोन: आधी पाण्याचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा: माटुंग्याजवळच्या एका लॅबमध्ये एम.टेक.चा प्रकल्प चालू आहे. पॉलिइथर-किटोन (उष्णतेला टिकणारे पॉलिमर) बनवायचे आहेत, सरळ साखळीचे आणि फाटे फुटलेले असे दोन्ही, आणि तेही अल्युमिनियम क्लोराइड न वापरता, 'सौम्य' ॲसिडात. सरळ साखळीसाठी ३-फिनॉक्सीबेन्झोइक ॲसिड ५ ग्रॅम, पॉलिफॉस्फोरिक ॲसिड ८० ग्रॅम, फॉस्फरस पेंटॉक्साइड २० ग्रॅम, १३० अंश, ४८ तास. सीनियरने याच कृतीने छान दोरे निघतील असा पॉलिमर बनवला होता. प्रश्नकर्त्याच्या हाती मात्र भुसभुशीत पावडर येते, व्हिस्कॉसिटी जेमतेम, आणि एकदा तर गडद, अर्धवट न विरघळणारा माल आला. फाटे फुटलेल्यासाठी ट्रायमेसिक ॲसिड आणि डायफिनाइल इथर समान मोलमध्ये घेतले, तर रबरासारखा गोळा झाला. ईटनच्या द्रावणाबद्दलही विचारलं आहे, पण मुख्य प्रश्न हा: मार्ग चुकीचा आहे की हात?

मार्ग बरोबर आहे. हातही फारसा चुकलेला नसावा. तुम्ही तारखा लिहिलेल्या नाहीत, पण माझा अंदाज सांगतो: सीनियरच्या बॅचेस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या असतील आणि तुमच्या जून-जुलैतल्या. वही काढून बघा. या रसायनात ॲसिडापेक्षा पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि मुंबईत पावसाळ्यात पाणी न बोलावता येतं.

'सौम्य' या शब्दाचं आधी बघू, कारण त्याने बऱ्याच जणांची फसगत होते. हे कशाच्या तुलनेत सौम्य? सुगंधी (म्हणजे बेन्झीनचे कडे असलेले) किटोन पॉलिमर ॲसिडात बनवण्याचा जुना रस्ता फ्रीडेल-क्राफ्ट्सचा. १९६२ साली ड्यूपॉन्टच्या बॉनर यांच्या पेटंटात नायट्रोबेन्झीनमध्ये अल्युमिनियम क्लोराइड वापरून डायफिनाइल इथर आणि ॲसिड क्लोराइड जोडलेलं आहे. तिथे अल्युमिनियम क्लोराइड चिमूटभर घालून भागत नाही. तयार झालेला प्रत्येक किटोन त्याला धरून ठेवतो, म्हणून मोलला मोल आणि वर थोडं जास्तच लागतं. शेवटी पाण्यात ओतलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर आणि अल्युमिनियमचा चिखल. शिवाय जोड पॅराऐवजी ऑर्थो जागी बसण्याची खोड. दुसरा रस्ता हायड्रोजन फ्लोराइड आणि बोरॉन ट्रायफ्लोराइडचा. त्याबद्दल एवढंच सांगतो, तुमच्या लॅबमध्ये त्याचं नाव काढू नका. ज्याला आपण बाजारात पीक (PEEK, पॉलिइथर-इथर-किटोन) म्हणून ओळखतो तो पॉलिमर या दोन्ही रस्त्यांनी बनत नाही. १९७८ मध्ये आयसीआयने तो उलट्या बाजूने बनवला: हायड्रोक्विनोन आणि डायफ्लोरोबेन्झोफिनोन, पोटॅशियम कार्बोनेट, डायफिनाइल सल्फोनमध्ये ३०० अंशांच्या वर. वितळबिंदू ३४३ अंश, काच-संक्रमण (कडक माल मऊ पडू लागतो ते तापमान) १४३. आपल्याकडे डोंबिवलीच्या घरडा केमिकल्सने पानोलीला पीक बनवून दाखवला होता, पुढे तो व्यवसाय सॉल्व्हेकडे गेला. म्हणजे हे रसायन आपल्याला परकं नाही.

या सगळ्यापुढे पॉलिफॉस्फोरिक ॲसिड सौम्य ठरतं. कार्बोक्सिलिक ॲसिड थेट वापरता येतं, आधी क्लोराइड करावं लागत नाही, हायड्रोक्लोरिक वायू सुटत नाही, आणि १३० अंशांत काम होतं. १९६८ मध्ये जपानमध्ये इवाकुरा आणि सहकाऱ्यांनी फिनॉक्सीबेन्झोइक ॲसिड या माध्यमात जोडून दाखवलं. पण साखळ्या पुरेशा लांब होईनात. २००३ मध्ये बेक आणि टॅन यांनी त्यात पॉलिफॉस्फोरिक ॲसिडाच्या एक चतुर्थांश वजनाचं पेंटॉक्साइड घातलं आणि १३० अंशांवर चांगल्या लांबीचे पॉलिमर मिळवले. तुमची ८० आणि २० ग्रॅमची कृती तीच आहे.

पेंटॉक्साइड तिथे नेमकं काय करतं? कार्बोक्सिलिक ॲसिडाचा फॉस्फोरिक ॲसिडाशी मिश्र ॲनहायड्राइड बनतो, त्यातून ॲसायलियम आयन सुटतो, तो इथर-ऑक्सिजनच्या पॅरा जागेवर बसतो. प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू निघतो. पाणी वाढलं की मिश्र ॲनहायड्राइड परत ॲसिड होतो आणि साखळी वाढायची थांबते. पेंटॉक्साइड ते पाणी पिऊन टाकतं. पॉलिबेन्झोथायाझोल आणि पॉलिबेन्झॉक्साझोलचे धागे बनवणाऱ्या वुल्फसारख्या मंडळींनी ऐंशीच्या दशकातच हा हिशेब मांडला होता: माध्यमात एकूण पेंटॉक्साइड किती टक्के आहे ते सुरुवातीला आणि शेवटी मोजायचं, आणि शेवटचा आकडा खाली जाऊ द्यायचा नाही.

आता तुमच्या बॅचचा हिशेब कागदावर करू. ऑर्थोफॉस्फोरिक ॲसिडात पेंटॉक्साइड ७२.४ टक्के असतं. तुमचं पॉलिफॉस्फोरिक ॲसिड ११५ टक्क्यांचं (म्हणजे पाणी मिळालं तर १०० ग्रॅमचं ११५ ग्रॅम ऑर्थोफॉस्फोरिक होईल असं) असेल तर त्यात ८३.३ टक्के. ८० ग्रॅममध्ये ६६.६ ग्रॅम, त्यात २० ग्रॅम घातलं, एकूण १०० ग्रॅममध्ये ८६.६ ग्रॅम. सुरुवात ८६.६ टक्क्यांवर. मोनोमरचा (म्हणजे फिनॉक्सीबेन्झोइक ॲसिडाचा) रेणुभार २१४, ५ ग्रॅम म्हणजे ०.०२३ मोल, म्हणजे पूर्ण प्रतिक्रिया झाली तरी पाणी निघणार ०.४२ ग्रॅम. ते मिसळून आकडा ८६.३ वर येतो. काहीच बिघडत नाही. हे ०.४२ ग्रॅम लक्षात ठेवा.

आता समजा पेंटॉक्साइडची बाटली आधी पाच वेळा उघडलेली आहे आणि तुमच्या २० ग्रॅममध्ये २ ग्रॅम पाणीच आहे. सुरुवातच ८४.६ टक्क्यांवर झाली. अख्ख्या प्रतिक्रियेने जेवढं पाणी सोडलं असतं त्याच्या जवळजवळ पाचपट पाणी तुम्ही चमच्याने घातलंत. आणि बाटलीवर ११५ च्या जागी १०५ लिहिलेलं असेल, तर सगळंच संपलं: १०५ टक्क्यांच्या ॲसिडात ७६ टक्केच पेंटॉक्साइड असतं, मिश्रण ८०.८ वर सुरू होतं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत 'पीपीए (पॉलिफॉस्फोरिक ॲसिड) द्या' म्हटलं की जे शेल्फवर असेल ते मिळतं. लेबल वाचा. मी स्वतः ८६ च्या खाली सुरुवात करत नाही.

हे मी शिकलो ते एका जुलैत. तेव्हा मी एका छोट्या कंपनीच्या आर अँड डी लॅबमध्ये होतो, खिडक्या खाडीकडच्या. डिसेंबरमध्ये उत्तम जमलेली बॅच लागोपाठ तीनदा फसली. आम्ही मोनोमर पुन्हा शुद्ध केला, नायट्रोजनचा सिलिंडर बदलला, हीटिंग मँटलचा थर्मोकपल बदलला. चौथ्या वेळी मी तराजूसमोर नुसता उभा राहिलो. ज्युनिअर पेंटॉक्साइड बटर पेपरवर मोजत होता. पांढरी, बर्फासारखी उडणारी पावडर. आकडा २०.०० वर आला आणि थांबेना. २०.०३, २०.०६. त्याने टोकाने थोडी पावडर उचलून बाटलीत परत टाकली. पुन्हा २०.०२, २०.०५. स्पॅच्युलाच्या टोकाला चिकट, साखरेच्या पाकासारखा थेंब जमला होता. म्हणजे तो पोरगा हवेतलं पाणी मोजत होता आणि त्याच्या जागी पेंटॉक्साइड बाटलीत परत टाकत होता. बाटलीच्या तोंडाशी पोपडा धरलेला होताच. त्या लॅबमध्ये एसी होता, पण दुपारी जेवायला जाताना कुणीतरी बंद करून जायचं, वीजबिलाच्या काळजीने.

तेव्हापासून पावसाळ्यात माझी पद्धत अशी. पेंटॉक्साइड १०० ग्रॅमच्या छोट्या बाटल्यांतच घ्यायचं, महाग पडलं तरी. एक बाटली एका बॅचसाठी, उरलं तर सुकवणीच्या डेसिकेटरमध्ये भरायला वापरायचं, पुढच्या बॅचला नाही. चमचा, कागद, वॉच ग्लास काहीही मध्ये आणायचं नाही. बाटली झाकणासकट तोलायची, नायट्रोजनच्या झोतात रुंद तोंडाच्या पावडर फनेलमधून सरळ फ्लास्कमध्ये ओतायची, झाकण लावून परत तोलायची. २० च्या ऐवजी १९.४ किंवा २१ गेलं तर जाऊ द्या, वहीत खरा आकडा लिहा आणि टक्केवारी पुन्हा काढा. आकडा गोल असण्याला इथे किंमत नाही. ग्लव्ह बॅग असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि क्रम: आधी पॉलिफॉस्फोरिक ॲसिड गरम करून पातळ करा, त्यात पेंटॉक्साइड थोडं थोडं घालून ढवळत पूर्ण विरघळू द्या. गुठळ्या राहिल्या तर तळाशी कोरडं आणि वर ओलं अशी दोन माध्यमं तयार होतात. द्रव एकसारखा, पारदर्शक झाला की मगच मोनोमर.

ढवळण्याबद्दल. मॅग्नेटिक बार विसरा. पाच टक्के मोनोमरवरही दुसऱ्या दिवशी मिश्रण काकवीसारखं होतं आणि बार जागच्या जागी थरथरत राहतो. वरून मोटर, स्टीलची किंवा टेफ्लॉनची नांगराच्या आकाराची पाती, आणि टॉर्क दाखवणारी मोटर असेल तर तिचा आकडा दर दोन तासांनी टिपा. पॉलिमर खरंच लांब झाला की मिश्रण दांडीवर चढायला लागतं, पीठ मळताना हाताला चिकटत वर यावं तसं. हे दृश्य दिसलं की व्हिस्कॉसिटी मोजायच्या आधीच मला कळतं की बॅच जमली. तुमच्या वर्णनात हे कुठेच नाही.

साखळीच्या लांबीचं गणित कडक आहे. तुमचा मोनोमर एकाच रेणूत ॲसिड आणि फिनॉक्सी दोन्ही बाळगतो, म्हणून प्रमाण आपोआप एकास एक राहतं, ही मोठी सोय. तरीही ९८ टक्के जोड झाले तर सरासरी साखळी ५० कड्यांची, ९९ टक्के झाले तर १०० ची. त्या शेवटच्या एका टक्क्यात पाणी आडवं येतं.

आता तो गडद, अर्धवट न विरघळणारा सरळ पॉलिमर. सरळ साखळी न विरघळणारी का होईल? कुठेतरी तिला फाटे फुटलेत म्हणून. इथे मला मोनोमरवर संशय आहे. ३-फिनॉक्सीबेन्झाल्डिहाइड, म्हणजे आपल्याकडे कीटकनाशकवाले ज्याला मेटा-फिनॉक्सी म्हणतात ते, सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड्सचा कच्चा माल. त्याचं ऑक्सिडेशन केलं की तुमचा मोनोमर मिळतो, आणि स्वस्तातला मोनोमर बऱ्याचदा त्याच वाटेने आलेला असतो. ऑक्सिडेशन अर्धवट राहिलं असेल तर थोडं अल्डिहाइड उरतं. इतर प्रतिक्रियांत ते निरुपद्रवी. पण तीव्र ॲसिडात अल्डिहाइड दोन सुगंधी कड्यांना एकदम पकडतं, ट्रायअरिलमिथेन बनतं, आणि त्याच्या स्वतःच्या फिनॉक्सी टोकावर तिसरी साखळी बसू शकते. म्हणजे सरळ साखळीत तुम्ही न कळत फाटा घातलात. गडद रंगही त्यातूनच येऊ शकतो.

वितळबिंदू घ्या. शुद्ध मोनोमर १४७ ते १४९ अंशांत तीक्ष्णपणे वितळला पाहिजे. तुमचा १४२ पासून मऊ पडायला लागत असेल तर तो मोनोमर नाही, मिश्रण आहे. प्रोटॉन एनएमआरमध्ये १० च्या आसपास अल्डिहाइडची बारीक टोकं शोधा. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात विरघळवून टोल्युइनने धुतलं तर अल्डिहाइड टोल्युइनमध्ये जातं, मग ॲसिड घालून पाडा आणि पुन्हा स्फटिकीकरण. एका संध्याकाळचं काम आहे. एक सांगून ठेवतो, मेटा जोड साखळीला वाकवतो, म्हणून हा पॉलिमर तपासायला सोपा. पहिल्याच फटक्यात ४-फिनॉक्सीबेन्झोइक घेऊन पॅरा साखळीच्या मागे लागू नका. तो कडक, स्फटिकी माल तपासायलाही संहत ॲसिडच लागतं.

आता रबराचा गोळा. ट्रायमेसिकला तीन हात, डायफिनाइल इथरला दोन. समान मोल घेतले तर फ्लोरी-स्टॉकमायरच्या हिशेबाने इथरच्या सुमारे ८७ टक्के जागा भरल्या की जेल (साखळ्या एकमेकींत बांधल्या जाऊन न विरघळणारा गोळा) व्हायला हवं. प्रत्यक्षात थोडं उशिरा होतं, कारण डायफिनाइल इथरच्या एका कड्यावर किटोन बसला की दुसरा कडा सुस्तावतो. पण ४८ तास १३० अंशांवर ठेवलंत तर ती वेळ येणारच.

उपाय कागदावर सोपा आहे. याच हिशेबाने ट्रायमेसिक आणि इथर ४ ला ३ मोल घेतले तर इथरच्या सगळ्या जागा भरल्या तरी जेल व्हायला नको. म्हणजे १.७० ग्रॅम डायफिनाइल इथरला २.१० ग्रॅमऐवजी २.८० ग्रॅम ट्रायमेसिक. टोकांवर भरपूर कार्बोक्सिलिक ॲसिड राहतील, ती पुढे काहीतरी जोडायला कामी येतात. ट्रायमेसिक मात्र या माध्यमात सहज विरघळत नाही, खालून कण दिसत असतील तर तुमचं प्रमाण अजून कागदावरच आहे. बारीक कुटून घ्या. आणि डायफिनाइल इथर २५८ अंशांना उकळतो म्हणून निर्धास्त राहू नका, १३० वर नायट्रोजन जोरात सोडला तर तो हळूहळू वाहून जातो. नायट्रोजन बुडबुडा मोजता येईल एवढाच.

पण गोळा फेकू नका अजून. एवढ्या कोरड्या माध्यमात टोकांचे कार्बोक्सिलिक ॲसिड आपापसांत ॲनहायड्राइड करून हात धरतात. दोन वेगळे रेणू त्यामुळे तात्पुरते बांधले जातात आणि मिश्रण जेल झाल्यासारखं वागतं. हे जोड पाण्याने तुटतात, किटोनचे जोड तुटत नाहीत. गोळ्याचा तुकडा बारीक करून एक दिवस गरम पाण्यात ढवळत ठेवा, मग सुकवून एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) या द्रावकात टाकून बघा. विरघळला तर तो खरा जेल नव्हता. एका मुलीचं तीन महिन्यांचं काम मी असं कचऱ्याच्या डब्यातून परत आणलेलं आहे.

माझा स्वतःचा कल मात्र तीन आणि दोन हातांची जोडी सोडून एकाच रेणूत सगळं असलेल्या मोनोमरकडे आहे. एक ॲसिड आणि दोन फिनॉक्सी, म्हणजे ३,५-डायफिनॉक्सीबेन्झोइक. किंवा उलट, एक फिनॉक्सी आणि दोन ॲसिड, म्हणजे ५-फिनॉक्सीआयसोथॅलिक. फ्लोरींनी १९५२ मध्येच दाखवलं की असे मोनोमर कितीही जुळले तरी जेल होत नाही. दोन्ही बाजारात तयार सहसा मिळत नाहीत, दोन-तीन पायऱ्या कराव्या लागतील. पण मग गंमत बघा: तुमच्या साध्या ३-फिनॉक्सीबेन्झोइकमध्ये यातला पहिला २, ५, १० टक्के मिसळत गेलात की सरळपासून शाखितपर्यंतची सगळी शिडी एकाच फ्लास्कात, एकाच तापमानाला मिळते. प्रबंधाला ते नुसत्या दोन टोकांपेक्षा कितीतरी जास्त वजनदार होईल. परीक्षक विचारतीलच की फाटे वाढवले की वितळलेल्या मालाची व्हिस्कॉसिटी कशी पडते. त्याचं उत्तर या शिडीत आहे.

वर्कअप. गरम मिश्रण पाण्यात ओतलं की धागे किंवा लगदा पडतो. आत अडकलेलं फॉस्फोरिक ॲसिड नुसत्या धुण्याने जात नाही. सॉक्सलेटमध्ये तीन दिवस पाणी, मग तीन दिवस मेथॅनॉल, मग निर्वातात सुकवा. मधल्या पाण्यात थोडा अमोनिया घालून उकळलं तर बरं, पण ॲसिड टोकांचा शाखित पॉलिमर असेल तर जपून, तो अल्कलीत विरघळून नळाने निघून जाईल. हे सहा दिवस कुणालाच आवडत नाहीत. पण ते वाचवले तर टीजीए (तापवत जाऊन वजनाची घट मोजणारी चाचणी) खोटं बोलतं: उरलेलं फॉस्फोरिक ॲसिड पाणी शोषतं, म्हणून १५० अंशांच्या आत वजन घटलेलं दिसतं, आणि वर ७००-८०० अंशांवर कोळसा जास्त उरतो. पोरं खूश होऊन लिहितात, 'उष्णतेला अधिक टिकाऊ'. तो टिकाऊपणा तुमच्या पॉलिमरचा नसून राहून गेलेल्या फॉस्फरसचा असतो. हवेत जाळून राख बघा, राख राहत असेल तर धुणं झालेलं नाही.

व्हिस्कॉसिटी मिथेनसल्फोनिक ॲसिडात मोजा, सल्फ्युरिकमध्ये नको. तुमच्या पॉलिमरला सल्फ्युरिक फारसं लागणार नाही, पण उद्या हायड्रोक्विनोनचा कडा असलेला पीकसारखा पॉलिमर कुणी त्याच बाटलीत टाकेल आणि तो खोलीच्या तापमानालाच सल्फोनेट व्हायला लागेल. सवय एकच असू द्या. शाखित पॉलिमरचा जीपीसी (रेणूंच्या आकारावरून रेणुभार काढणारी चाचणी) पॉलिस्टायरीनच्या मापाने केला तर रेणुभार कमी दिसतो, कारण तो गुंडाळीसारखा आखडलेला असतो. तो आकडा छापताना तसं लिहा.

तुम्ही शेवटी ईटनच्या द्रावणाबद्दल विचारलंय. १९७३ मध्ये ईटन यांनी पॉलिफॉस्फोरिक ॲसिडाला पर्याय म्हणून ते आणलं: मिथेनसल्फोनिक ॲसिडाच्या दहा भागांत पेंटॉक्साइडचा एक भाग. पातळ आहे, खोलीच्या तापमानाला ओतता येतं, मॅग्नेटिक बारही काही काळ चालतो. उएदा आणि सहकाऱ्यांनी त्यात किटोनही बनवले आणि पॉलिबेन्झिमिडॅझोलही. छोट्या चाचण्यांसाठी, मोनोमर जुळतो की नाही हे बघायला, मी तेच वापरतो. पण पेंटॉक्साइड त्यात मुळातच कमी, म्हणजे पाण्याची चूक त्यात जास्त लवकर दिसते, आणि तापवलं की मिथेनसल्फोनिक स्वतःच सुगंधी कड्यावर बसण्याची भीती. जास्त लांबीच्या साखळीसाठी मी पॉलिफॉस्फोरिककडे परत येतो.

एक अडचण कुणी सांगत नाही. तुमच्या ५ ग्रॅम मोनोमरमागे ४.६ ग्रॅम पॉलिमर मिळतो आणि पाण्यात ओतल्यावर जवळपास १२० ग्रॅम फॉस्फोरिक ॲसिड उरतं. पॉलिमरच्या २६ पट. लॅबमध्ये कुणाला काही वाटत नाही, पण प्रबंधात 'पर्यावरणस्नेही' लिहिणार असाल तर हा आकडा शेजारी लिहा. मोठ्या प्रमाणावर हे ॲसिड परत सांद्र करून वापरलं नाही तर मार्ग परवडणार नाही. लॅबपुरतं चुन्याच्या निवळीने नाही, चुन्याच्या लगद्याने उदासीन करा, कॅल्शियम फॉस्फेट गाळून घनकचऱ्यात द्या, आणि वरचं पाणी पीएच बघूनच सोडा. काचेचा फ्लास्क दहा-पंधरा बॅचेसनंतर आतून धूसर झालेला दिसेल, गरम पॉलिफॉस्फोरिक काच हळूहळू खातं. निर्वाताला तो फ्लास्क लावू नका.

आणि पेंटॉक्साइडच्या रिकाम्या बाटलीत कधीही सरळ नळाचं पाणी सोडू नका. तळाला राहिलेली पूड चर्रकन उसळते. बाटली फ्यूम हूडमध्ये उघडी ठेवा, दोन दिवसांत मुंबईची हवाच तिचा पाक करून टाकेल, मग बर्फावर ओता.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: पॉलिफॉस्फोरिकच्या लेबलवरची टक्केवारी, मोनोमरचा वितळबिंदू सुरुवात ते शेवट, आणि गोळ्याच्या तुकड्याचं गरम पाण्यानंतर एनएमपीमध्ये काय झालं ते.